खिशातली वही

“आज किती?”

दार पुरतं उघडायच्या आतच बारकीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बापाच्या शर्टाच्या खिशात हात घातला. लहानपणी ती याच खिशात गोळ्या शोधायची. आता एकोणीस पुरी झाली होती, उंचीने आईच्या वर गेली होती, आणि गोळ्यांऐवजी वही काढत होती. तळहाताएवढी, निळ्या पुठ्ठ्याची वही. दोऱ्याने बांधलेली पेन्सिल तिच्या मागोमाग लोंबत बाहेर आली.

तिचा बाप, वेधशाळेतला निरीक्षक, चपला काढायला वाकला. तेवढा वेळ तोंड दाखवावं लागत नाही.

“चाळीस सहा,” बारकीने वाचलं. मग पुन्हा, स्वतःशीच, “चाळीस पूर्णांक सहा.” तिचे वर ओढलेले खांदे जरा खाली आले. “काल एक्केचाळीस होतं ना? म्हणजे उतरतंय.”

“उतरतंय,” तो चपलेच्या पट्ट्याकडे बघत म्हणाला.

“मग मला एवढं का उकडतंय रे बाबा?”

“हवेत ओल जास्त आहे. त्यामुळे वाटतं तसं.”

हवेत ओल नव्हती. आणि खरा आकडा होता बेचाळीस पूर्णांक चार.

निरीक्षक शहराच्या कडेच्या एका लहानशा वेधशाळेत सव्वीस वर्षं नोकरीला होता. काम म्हटलं तर एवढंसं. मोकळ्या चौकोनी आवारात चार पायांवर उभी असलेली, झडपांच्या भिंतींची एक पांढरी पेटी, तिच्यात तापमापक. ठरल्या वेळी लाकडी पायरी चढून पेटीपाशी जायचं, दार उघडायचं, श्वासाची वाफ काचेला लागू नये म्हणून तोंड मिटून आकडा वाचायचा, खिशातल्या वहीत लिहायचा, पुन्हा एकदा वाचायचा. मग टेबलाशी येऊन वहीतला आकडा मोठ्या नोंदवहीत उतरवायचा. आठवणीतून लिहायचं नाही, वहीतूनच लिहायचं. नोकरीला लागला त्या दिवशी जुन्या निरीक्षकाने ही एकच गोष्ट त्याला तीनदा सांगितली होती. डोक्यात ठेवलेला आकडा माणूस नकळत घासूनपुसून गोल करतो म्हणे. वहीतला तसाच राहतो.

दिवसाचं कमाल तापमान संध्याकाळी साडेपाचला वाचायचं आणि पावणेसहाला फोनवरून वरच्या कार्यालयात कळवायचं. आकडा बेचाळीस किंवा वर असला, की वरून शहरात निरोप जाई: उद्या बारा ते चार उघड्यावरची कामं बंद. गेल्या तीन उन्हाळ्यांपासून हा नियम आला होता. गल्लीतले लोक त्याला बघून म्हणायचे, “काय काका, उद्या किती तापवताय?” जणू भट्टीची कळ त्याच्याच हातात होती. तो नुसता हसायचा. चारचौघांत चटकन उत्तर सुचणाऱ्यांतला तो नव्हता. सुचायचं ते घरी आल्यावर, हातपाय धुताना.

बारकीचं हे सगळं हिवाळ्यात सुरू झालं. निदान त्यांच्या लक्षात तेव्हा आलं. आधी ती कॉलेजातून आली की फोनवर जळणारी जंगलं, वितळणारे डोंगर, पाण्यात बुडालेली गावं बघत बसायची. मग कॉलेजात जाईनाशी झाली. “परीक्षा कशासाठी देऊ? मी तुझ्या वयाची होईन तेव्हा काय उरलेलं असेल, सांग,” असं तिने एकदा जेवताना विचारलं. वादासाठी नव्हे, अगदी साधेपणाने. त्यावर आईने आमटी वाढली. मग ती रिकाम्या बाटल्या पाण्याने भरून पलंगाखाली लावू लागली. मग खोलीतला पंखा बंद करून बसू लागली. विजेसाठी कोळसा जळतो, त्याचं पाप आपल्याला नको म्हणून. पाठीवर घामोळं उठलं तरी पंखा लावेना.

“तुझ्या एका पंख्याने जग गार होणार असेल तर मी गॅसही बंद करते,” आई म्हणायची. “सगळेच कच्चं खाऊ. सुटले मी.” ती एका शाळेत कारकून होती आणि तीनशे पोरांचं ऐकून घेतल्यावर घरी चौथ्या शतकाला सुरुवात करायची तिची तयारी असायची. पण रात्री बारकीच्या खोलीच्या उंबऱ्याशी चटई टाकून झोपायचीही तीच.

डॉक्टरीणबाईंकडेही तीच घेऊन गेली. या बाई मनाच्या दुखण्यावर उपचार करत. वयाने लहान होत्या, हळू बोलत. त्यांनी बारकीला तासभर बोलू दिलं आणि नंतर आईबापांना आत बोलावलं.

“हिची भीती खोटी नाही,” त्या म्हणाल्या. “ऊन वाढतंय, हे हिला कळतं तसं आपल्यालाही कळतं. म्हणून ‘काही होत नाही’ असं म्हणून ही भीती जायची नाही. पण दिवसभर चहूबाजूंनी बातम्या आदळत राहिल्या तर कुणाचंही मन दमेल. आपण असं करू. फोन आईकडे. दिवसातून एकदा, एकाच माणसाकडून, एकच खरी माहिती. बाकी दारं बंद.” मग बारकीकडे वळून त्यांनी विचारलं, “कुणाचं ऐकशील?”

बारकीने विचार करायलाही वेळ घेतला नाही. “बाबाचं. सगळे आकडे ओरडतात. बाबाचा ओरडत नाही.”

निरीक्षक बाप म्हणून स्वतःला जरा कच्चाच समजत असे. मुलांशी काय बोलावं हे त्याला कधी नीट उमगलं नव्हतं. थोरला मुलगा लांबच्या शहरात नोकरीला होता, त्याच्याशी फोनवर दोन वाक्यं झाली की तो रिसीव्हर बायकोकडे देत असे. त्या दिवशी मात्र घरी येताना त्याची छाती भरून आली होती. रोज संध्याकाळी वही काढणारा तो हात त्याच्या दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट झाला.

आणि दोन महिने सगळं ठीक चाललं. बारकी तिच्या एका मोठ्या वहीत आकडा उतरवायची, आठवड्याचा आलेख काढायची, जेवायची. मग उन्हाळा खरा सुरू झाला. आकडा चाळीस ओलांडून गेला आणि वही धरलेला हात कापायला लागला. ज्या दिवशी बेचाळीस पूर्णांक एक झालं, त्या दिवशी पेटीपाशी पायरीवर उभ्या असलेल्या निरीक्षकाला पाऱ्याच्या जागी तो हातच दिसला. त्याने वहीत लिहिलं: एक्केचाळीस पूर्णांक सहा. अर्धाच अंश. टेबलाशी येऊन मोठ्या नोंदवहीत मात्र खरं लिहिलं, वर खरंच कळवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आठवणीतून लिहिलं.

त्या संध्याकाळी बारकी दोन घास जास्त जेवली.

तिथून पुढे थांबता येईना. अर्ध्याचा एक झाला, एकाचे जवळजवळ दोन. कामावर खरं, खिशात खोटं. रोज पायरीवर उभं राहिलं की उद्यापासून खरं लिहायचं असं तो ठरवायचा, आणि रोज दारात तिचे खांदे खाली आले की ते ठरवणं मागे पडायचं.

*

अकराव्या दिवशी साडेपाचला पारा त्रेचाळीस पूर्णांक दोनवर होता. त्याने वहीत लिहिलं एक्केचाळीस पूर्णांक चार, आणि तापमापक जागेवर ठेवून टेबलाशी आला तोच फोन वाजला.

“अहो,” बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. तिला भीती वाटली की तो तसाच व्हायचा. “घाबरू नका. बारकीने न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलंय. उघडत नाही. श्वास लागलाय तिला. मी बोलतेय तिच्याशी. तुम्ही या.”

त्याने नोंदवही ओढली, खिशातली वही समोर ठेवली, आणि हात सव्वीस वर्षं जे करत आला होता तेच हाताने केलं. वहीतला आकडा नोंदवहीत उतरवला. वर फोन करून तोच आकडा सांगितला. दिवे बंद केले. कुलूप लावलं. यातलं काहीही त्याला नंतर आठवेना.

घरी पोचला तेव्हा न्हाणीघराचं दार उघडं होतं. बारकी ओल्या कपड्यांनी फरशीवर भिंतीला टेकून बसली होती आणि तिची आई उंबऱ्यावर, पदराने तिचे केस पुसत.

“फरश्या मोजायला लावल्या तिला,” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. भिंतीच्या एकशे बारा भरल्या. एक फुटकी आहे, ती धरायची की नाही यावर आमचं भांडण झालं, तेव्हा कुठे कडी काढलीन.”

बारकीने हसायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, “आई, तुला कळत नाहीये. चाळीस सहा म्हणजे फार नाही. मागच्या वर्षी मी चाळीसमध्ये सायकलने फिरत होते. आता घरात बसून माझा जीव जातोय. बाहेर उतरतंय आणि मला चढल्यासारखं वाटतंय. वही खोटं नाही बोलत. म्हणजे माझंच डोकं बिघडलंय.” मग तिने ओला हात बापाच्या खिशाकडे नेला. “आज किती?”

त्या क्षणी सांगता आलं असतं. शब्द घशाशी आले होते, असं त्याला पुढे अनेक दिवस वाटत राहिलं; कदाचित आलेही नसतील. तिने वही काढली आणि वाचलं. “एक्केचाळीस चार.” मान हलवली. “बघ. एवढंच.”

बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बारकीचे केस पुसायला घेतले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास वेधशाळेच्या खिडकीतून डांबराचा वास आला.

समोरच्या रस्त्याचं काम चार दिवसांपासून चाललं होतं. सकाळी जोरात, मग बारापासून चारपर्यंत सामसूम, कारण आकडा रोज बेचाळीसच्या वर. निरीक्षक डबा उघडत होता. वास नाकात शिरला तरी आधी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. मग रोलरचा आवाज आला. तो उठून खिडकीशी गेला.

सात-आठ माणसं रस्त्यावर होती. पायांना पोती गुंडाळलेली, तोंडाला फडकी. डांबरावरून वर उठणाऱ्या हवेत ती पाण्यात बघितल्यासारखी हलत होती. ही आत्ता इथे का, असं त्याच्या मनात आलं. घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून सात मिनिटं. मग त्याचे पाय आपोआप टेबलाकडे वळले. त्याने नोंदवही उघडली.

एक्केचाळीस पूर्णांक चार. त्याच्याच अक्षरात. सुरेख, उजवीकडे किंचित कललेलं.

डोक्यावर काही न घेता तो फाटकाबाहेर गेला. ऊन अंगावर आदळलं.

“मुकादम, काम थांबवा.”

मुकादम छत्रीखाली उभा होता. त्याने निरीक्षकाला नखशिखान्त न्याहाळलं. “का बरं?”

“बारा ते चार बंद असतं.”

“आकडा आला तर बंद असतं, साहेब. आज आकडा नाही. तुमच्याच हापिसाचा आकडा. एक्केचाळीस काहीतरी. मला संध्याकाळपर्यंत एवढा पट्टा संपवायचाय.”

“तो आकडा चुकीचा आहे.”

“कुणी सांगितलं?”

“मी लिहिलाय तो,” निरीक्षक म्हणाला. “त्रेचाळीस होतं. मी चुकीचा लिहिला.”

मुकादम काही बोलणार तेवढ्यात मागून कुणीतरी “ताई, ताई” म्हणून ओरडलं. खडी वाहणारी एक बाई भिंतीच्या वीतभर सावलीत बसली होती आणि बसल्या बसल्या कुशीवर कलली. दोघींनी तिला धरलं. तिचं तोंड कोरडं पडलं होतं आणि अंगाला घामच नव्हता.

तिला वेधशाळेत आणलं. निरीक्षकाने पंखा तिच्याकडे फिरवला, आपला टॉवेल माठात बुडवून तिच्या मानेवर ठेवला, पाणी घोटाघोटाने पाजलं. मुकादमाने स्वतःहून रुग्णवाहिकेला फोन केला. ती येईपर्यंत बाईने डोळे उघडले होते. खुर्ची, टेबल, भिंतीवरचे तक्ते असं एकेक बघत तिची नजर त्याच्यावर आली.

“काल वाटलं होतं, आज सुटका होणार,” ती तुटक आवाजात म्हणाली. “ऊन परवापेक्षा जास्तच होतं. अंगाला कळतं ना. पण अंगाचं कोण लिहून घेतो.” मग जरा थांबून, “यंत्र बिघडलं होतं का, साहेब?”

त्याने टॉवेल पुन्हा भिजवायला घेतला.

“नाही,” तो म्हणाला. “यंत्र बरोबर आहे.”

तिला घेऊन गेले. संध्याकाळी मुकादमाने फोन करून कळवलं की बाई शुद्धीवर आहे, सलाइन लावलंय, दोन दिवसांत घरी सोडतील. ते कळेपर्यंतचे तीन तास निरीक्षक खुर्चीत बसला नाही. त्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेलचा ओला डाग होता.

त्याआधीच त्याने वरच्या कार्यालयात साहेबांना फोन केला होता. साहेब वयाने त्याच्याहून लहान, स्वभावाने चांगला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“हे बघा काका, असं करा. तापमापक सदोष असं लिहून पाठवा. जुनाच आहे तो. मी नवा लावून देतो. विषय संपला.”

“तापमापक सदोष नाही, साहेब.”

“अहो, मला कळतंय ते. पण आठ महिने राहिलेत तुमचे. कशाला शेवटी शेवटी डाग लावून घेता? पाऱ्याला काय, त्याला कुठे निवृत्त व्हायचंय.”

निरीक्षकाला हसू आलं, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. सव्वीस वर्षं रोज त्या काचेच्या नळीकडे तोंड मिटून पाहत आला होता. घरातल्या कुठल्याही माणसाकडे त्याने इतकं निरखून पाहिलं नसेल.

“तो बरोबर होता,” तो म्हणाला. “मीच बिघडलो होतो. तसंच लिहितो.”

नोंदवहीत चूक दुरुस्त करायचीही रीत होती. खोडरबर चालत नाही, गिरवणं चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर खरा आकडा, शेजारी सही, आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण. त्याने पट्टी घेऊन रेघ मारली. वर लिहिलं ४३.२. शेऱ्याच्या रकान्याशी मात्र पेन बराच वेळ अडलं. शेवटी त्याने लिहिलं: ‘वाचन बरोबर होते. निरीक्षकाने जाणूनबुजून कमी लिहिले.’ ‘जाणूनबुजून’ हा शब्द रकान्यात मावेना, शेवटची दोन अक्षरं बाहेर गेली.

*

“थांब,” तो दारातच म्हणाला. बारकीचा हात खिशापाशी आला होता. “आधी ऐक माझं.”

त्याने सगळं सांगितलं. नीट क्रमाने सांगता आलं नाही. आधी डांबरावरची बाई आली, मग पायरी, मग पहिला अर्धा अंश. बायको स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी राहून ऐकत होती. सगळं झाल्यावर बारकी आत गेली आणि तिची मोठी वही घेऊन आली. आलेखाचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. पेन्सिलीची रेघ वर चढत चढत येऊन गेल्या अकरा दिवसांत खाली झुकली होती. त्या उताराला तिने हिरवा रंग दिला होता.

“यातले खोटे किती?”

“अकरा.”

“म्हणजे हिरवे सगळे.”

“हो.”

“मला वाटलं, मी वेडी होतेय,” बारकी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “न्हाणीघरात मी तेच म्हणत होते. बाहेर सगळं ठीक आणि मला एकटीलाच भाजतंय. मी आईला विचारणार होते, मला कुठेतरी नेऊन ठेवता का म्हणून. बाबा, मी बरोबर होते. माझं अंग बरोबर होतं. आणि तू मला—” तिने वही मिटली. “बाकी सगळे खोटं बोलतील म्हणून मी तुला निवडलं होतं.”

ती आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

बायकोने पदराला हात पुसले. “काल रात्रीच ओळखलं होतं मी,” ती म्हणाली. “तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो. तुम्ही दहा-बारा दिवस चपला काढायलाच वाकताय.”

“मग बोलली का नाहीस?”

“ती जेवत होती ना,” ती म्हणाली, आणि एकदम तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. आत बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. घासायला इतकी भांडी घरात नव्हती.

त्या दिवशीच्या वहीत त्रेचाळीस पूर्णांक सहा होतं. ती वही खिशातच राहिली. रात्रभर बारकीच्या खोलीत पंखा बंद होता.

*

दुसऱ्या दिवशी रस्ता ओस पडला होता. खरा आकडा वेळेवर गेला होता. रोलर ताडपत्रीखाली उभा होता आणि डांबराचा पट्टा वेधशाळेच्या फाटकाच्या अलीकडे, जिथे बाई बसली होती तिथेच तुटला होता. साहेबांचं पत्र आलं: खुलासा करावा. निरीक्षकाने खुलासा लिहिला. तो दोन ओळींतच संपला, म्हणून आणखी काय लिहावं याचा विचार करत बसला.

दुपारी त्याने घरी दोनदा फोन केला. “खोलीतच आहे,” बायकोने पहिल्यांदा सांगितलं. शाळेतून रजा काढून ती घरी थांबली होती. दुसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. पुन्हा केला. नाही. पाच वाजले. साडेपाचच्या आधी जागा सोडता येत नाही, आणि त्या दिवशी सोडायची त्याच्यात हिंमतही नव्हती. फोन पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली. बाटल्या, न्हाणीघर, कडी, असं काहीबाही एकामागून एक डोळ्यांपुढे येऊ लागलं. त्याने टेबलाची कड घट्ट धरली आणि खिडकीच्या जाळीचे चौकोन मोजायला सुरुवात केली.

चौसष्टाव्या चौकोनात त्याला छत्री दिसली. आईची काळी छत्री, आणि तिच्याखाली बारकी. चार महिन्यांत ती एकटी घराबाहेर पडली नव्हती. पन्नासएक पावलं मागे, भिंतीच्या कडेकडेने, डोक्यावर टॉवेल घेतलेली तिची आई येत होती. आपण हिच्याबरोबर नाहीच, असं दाखवत.

बारकी तुटलेल्या डांबराच्या कडेवरून उडी मारून फाटकात आली. चेहरा लाल झाला होता, ओठ फुटले होते.

“साडेपाच वाजले का?”

“सात मिनिटं आहेत.”

“मी वाचणार,” ती म्हणाली. “तू नाही.”

त्याने मान हलवली. सात मिनिटं दोघं व्हरांड्यात उभी राहिली. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिने अर्धा पिऊन परत दिला. मग तो पुढे झाला, पेटीचं दार उघडलं आणि बाजूला सरला. बारकी पायरीवर चढली.

“तोंड मिटून,” तो म्हणाला. “आणि डोळा अगदी समोर आण. तिरकं बघितलं की आकडा हलतो.”

ती पुढे झुकली. तिच्या कानामागून घामाचा ओघळ मानेवर उतरला. बराच वेळ गेला. मग ती मागे सरून म्हणाली, “चव्वेचाळीस.”

“पुढचा आकडा?”

ती पुन्हा झुकली. “एक. चव्वेचाळीस पूर्णांक एक.” वर्षातला सर्वांत वरचा आकडा होता तो. त्याने खिशातली वही काढून तिच्यापुढे धरली. तिने लिहिलं. आकडे वेडेवाकडे आले.

“पुन्हा वाच. दोनदा वाचायचं असतं.”

तिने वाचलं. तोच होता.

“उकडतंय ना तुला?” त्याने विचारलं.

“हो.”

“मलाही.”

तिने वही त्याच्या हातात परत दिली. पण पायरीवरून उतरली नाही. फाटकाशी तिची आई टॉवेलच्या टोकाने वारा घेत उभी होती.

“आता याला झटकायचं,” तो म्हणाला. “दिवसभराचा सर्वांत वरचा आकडा हा धरून ठेवतो, आपोआप सोडत नाही. झटकला की पारा खाली येतो, मग उद्याचं मोजायला मोकळा. मूठ घट्ट धर. हात खांद्यातून फिरव.”

तिने तापमापक दोन्ही हातांनी उचलला, तान्हं मूल उचलावं तसा. पहिल्यांदा घाबरत हात फिरवला. पारा हलला नाही. दुसऱ्यांदा जरा जोराने. तिसऱ्यांदा तिने ओठ आवळले आणि पूर्ण खांद्यातून, सगळा जीव एकवटून हात खाली आणला. मग पुन्हा. मग पुन्हा. नळी डोळ्यांसमोर धरून बघितली.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली, आणि अजून एकदा झटकला. “अजूनही त्रेचाळीसच. याच्या खाली येत नाही?”

“नाही,” निरीक्षक म्हणाला. “आत्ता आहे तेवढ्यावरच येऊन थांबतो.”

बारकीने नळी थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग पेटीत जागच्या जागी, हलक्या हाताने आडवी ठेवली आणि दार लावलं.